धुरावर टिकलेला बंगला

चैतूभाऊ,

काल बंगल्याचं धुराडं आपण पुन्हा बंद केलं. 'आपण' असं लिहून गेले, पण खोडत नाही. तुमचे जावई वर चढले, धुराड्याच्या तोंडावर पालथं मडकं ठेवून त्यांनी ते चिखलानं लिंपलं, आणि मी खाली अंगणात उभी राहून "थोडं डावीकडे" असं उगाच सांगत होते. गोल मडक्याला डावं-उजवं काय असणार? पण कामावर उभं राहिलं की काहीतरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "नकाशेबाई, मडक्याले तरी सोड."

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. तुमचा जन्म कधीचा, वय किती, यातलं काही मी लिहिणार नाही. ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं. मला तुमच्याशी एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. ते वाक्य मी टाईप केलं होतं आणि तुम्ही असेपर्यंत मला ते खोडता आलं नाही.

पण आधी आपली पहिली भेट. तीन वर्षांपूर्वीची, दिवाळी होऊन गेल्यानंतरची. मी मूलची पोरगी. वडील तिथल्याच राईस मिलमध्ये पोती उचलणारे. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. नागपूरला आर्किटेक्चर शिकले, चंद्रपूरच्या एका छोट्या ऑफिसात लागले आणि पहिलंच मोठं काम मिळालं ते या बंगल्याचं. आलापल्लीच्या पुढं, सागाच्या जंगलात एका गोऱ्या अधिकाऱ्यानं बांधलेलं गवताच्या छपराचं जुनं घर. आता ते एका ट्रस्टकडे होतं. मोजमाप घ्यायचं, नकाशे काढायचे, दुरुस्ती करून घ्यायची. मी बसमधून उतरले, वळणावरून पाहिलं, तर सगळ्या छपरातून धूर निघत होता. मी पिशवी रस्त्यातच टाकली आणि "आग! आग!" ओरडत धावले.

तुम्ही, बंगल्याचे राखणदार, अंगणात दोन्ही हात मागं बांधून उभे होतात. एखादं जनावर चरताना बघावं, तसे छपराकडे बघत.

"आग नाई वं बाई. जेवण हाये."

"कुणाचं?"

"छपराचं. पानी-पाऊस झाला का त्याले धूर पाजा लागते. नाई तं किडा खाते."

मी धापा टाकत हसले. तुम्ही माझी पिशवी आणायला स्वतः रस्त्यावर गेलात. तुमच्या घरच्या सोमीबाई आत कुठंतरी होत्या, एवढंच आठवतं. मी संध्याकाळी वहीत लिहिलं, 'धुरासंबंधी स्थानिक समजूत.' समजूत हा शब्द मी कॉलेजात शिकले होते. आपल्याला जे समजत नाही त्याला तो लावायचा.

त्या घरावर मात्र पहिल्या दिवसापासून माझा जीव जडला. कॉलेजच्या पुस्तकात इंग्लंडमधल्या जुन्या शेतघरांची चित्रं होती. परीक्षेपुरती पाठ केलेली. तेच घर इथं सागाच्या झाडांत उभं. तिथल्या ओक लाकडाच्या जागी सागाचा सांगाडा. खांबांच्या मधल्या चौकटीत बांबूच्या कामट्यांचा कूड विणून वर माती आणि चुना. भिंती बुटक्या, दारं इतकी ठेंगणी की पहिल्याच दिवशी मी कपाळ आपटून घेतलं. आणि या सगळ्यावर ते भलं थोरलं छप्पर. हातभर जाड, उभ्या उताराचं, दोन्ही टोकांना कपाळावर पदर ओढावा तसं खाली वळलेलं. माडीच्या खिडक्यांवर गवत भुवईसारखं उचललेलं. मधोमध विटांचं धुराडं आणि त्याच्या खाली माणूस उभा राहील एवढी चूल. तिथल्या थंडीत सगळं घर त्या चुलीभोवती बसत असेल.

"साहेबानं हे असं काऊन बांधलं?" मी तुमच्याच बोलीत विचारलं होतं. मूलची आहे म्हणून बोली मलाही येते, पण नागपूरच्या वर्षांत मी ती लाजेनं गुंडाळून ठेवली होती. तुमच्यासमोर ती आपोआप सुटली.

"माझा आजा सांगे," तुम्ही म्हणालात, "साहेबानं कोळशानं फळीवर घर काढलं. म्हने, हे माझ्या बापाचं घर. असंच पायजे. आज्यानं इंग्रजी घर कधी पाह्यलं नवतं. पन बापाची याद आली का मानूस कसा दिसते, ते त्याले समजलं. म्हून बांधून देल्लं."

मी हे नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. माझ्या सगळ्या नकाशांत तेवढंच वाचण्यासारखं आहे.

मग तुम्ही मला शिकवलं. डोंगराच्या उतारावरचं गवत कुठल्या महिन्यात कापायचं, पेंढीचं बूड कुठल्या बाजूला ठेवायचं, माहूल वेलाच्या सालीचा दोर ओला असतानाच का आवळायचा. वाळला की तो स्वतःच आणखी घट्ट बसतो. तार वापरली तर ती गंजते आणि वासा कापते. मी विचारायचे, तुम्ही करून दाखवायचात, मी वहीत काढायचे. एकदा तुम्ही माझी वही उलटी धरून बराच वेळ पाहिलीत आणि म्हणालात, "बराबर हाये." मी सांगितलं, भाऊ, वही उलटी आहे. तुम्ही म्हणालात, "छप्पर वरून पाह्यलं का असंच दिसते. तू कधी वर गेलीस का?"

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं.

मला आढ्यापर्यंत चढून बघायचं होतं. तुम्ही म्हणालात, नाही. आमच्यात बाई छपरावर चढत नाही.

"काऊन पण?"

"चढत नाई म्हून चढत नाई."

"भाऊ, मी नागपूरले सहा माळ्याच्या स्लॅबवर चढली आहे."

"तो सिमेटाचा व्हता. त्याले का समजते?"

मी वाद घातला, रुसले, ट्रस्टच्या साहेबांना सांगेन म्हणाले. तुम्ही शिडी उचलून तुमच्या घरी नेऊन ठेवलीत. दुसऱ्या दिवशी वर जाऊन सगळी मापं वितींनी घेऊन आलात आणि पाढे म्हणावेत तशी सांगितलीत. मी ती लिहून घेतली, पण मनातून तुमच्यावर चिडले होते. वर जाता येत नाही, तर छपराची तपासणी आतून करायची, असं मी ठरवलं.

आणि आतून मला काय दिसलं? काळं. वासे काळे, बांबू काळे, गवताची आतली बाजू डांबरासारखी. माझ्या पुस्तकातल्या चित्रांत लाकूड मधासारखं चमकत होतं. शिवाय चुलीत डोकं घालून वर पाहिलं तर आभाळ दिसेना. धुराड्यावर मडकं पालथं घातलेलं. मी समजले की हा निष्काळजीपणा आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा. धुराडं बुजलं म्हणून धूर आत कोंडला आणि घर काळं झालं, असा हिशेब मी मांडला. हिशेब बरोबर होता. उलट्या बाजूनं.

तुम्ही आठ दिवस लेकीकडे एटापल्लीला गेलात. मी आलापल्लीहून दोन माणसं आणली. एकानं वर जाऊन मडकं फोडलं. मग दोघांनी मिळून तारेचे ब्रश आणि सोड्याचं पाणी घेऊन आतला प्रत्येक वासा घासला. सोमीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "बुढा आला का कर ना, बाई," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "भाऊ खूश होतील, तुम्ही पाहाच." त्या मागं फिरल्या. तेव्हा मला कळायला हवं होतं. साऱ्या टोल्याला, अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलणारी बाई गप्प बसली होती.

तुम्ही आलात, आत गेलात, मान वर करून पाहिलंत. लाकूड मधासारखंच चमकत होतं. मी शेजारी उभी, शाबासकी घ्यायला. तुम्ही एका वाशावरून हात फिरवलात, बोटं बघितलीत. स्वच्छ होती.

"लय मेहनत केलीस," तुम्ही म्हणालात आणि बाहेर जाऊन उकिडवे बसलात. माझं काम मोडायचं नाही म्हणून दुसरं मडकं काही तुम्ही वर ठेवलं नाहीत.

पावसाळा गेला. त्या वर्षी चुलीत घातलेला सगळा धूर धुराड्यातून सरळ आभाळात निघून गेला. छपराच्या वाट्याला काही आलं नाही. थंडी पडू लागली तशी एका सकाळी माझ्या नकाशाच्या कागदावर पिवळी पूड पडलेली दिसली. फुंकर मारली, पुन्हा पडली. मान वर केली. बांबूंना बारीक बारीक भोकं पडली होती. कान दिला तर कुरकुर ऐकू येत होती. छपराच्या मागच्या उताराचं अर्धं पाखं आतून पोकळ झालं होतं.

मी तुमच्याकडे रडत आले होते, ते तुम्हाला आठवत असेल. मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल, मी सांगत नव्हतो? तुम्ही म्हणालात, "पयले च्या पी."

पुढच्याच आठवड्यात ट्रस्टचे साहेब तपासणीला आले. निवृत्त इंजिनियर, कडक, पण माणूस वाईट नाही. त्यांनी पूड बघितली, भोकं बघितली, घासलेले वासे बघितले. "हे कुणी धुतलं?" त्यांनी विचारलं.

मला वडील दिसत होते. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी मिलमध्ये सगळ्यांना चहा पाजला होता आणि खिशातलं माझं ओळखपत्र काढून दाखवलं होतं. साहेब माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात तुम्ही मागून म्हणालात, "म्या धुतलं साहेब. घान दिसून राह्यलं व्हतं."

साहेब तुमच्यावर अर्धा तास ओरडले. तुम्ही हात मागं बांधून ऐकत होतात. मी तुमच्या शेजारी उभी होते आणि गप्प होते. नंतर साहेबांनी मजकूर सांगितला आणि मी अहवालात टाईप केला, 'छपराची हानी स्थानिक राखणदाराच्या निष्काळजीपणामुळे झाली आहे.'

तेच ते वाक्य, भाऊ.

साहेब गेल्यावर तुम्ही विचारलंत, "कागदात का लिवलं?" मी वाचून दाखवलं. निदान तेवढं खोटं बोलले नाही.

"निष्काळजी म्हनजे का वं?"

"लक्ष न देणारा."

"हां," तुम्ही म्हणालात, "सोमी तं हे बिनकागदाचं रोज सांगते."

आणि तुम्ही इतके हसलात की खोकला आला. मी म्हटलं, भाऊ, मी उद्या साहेबांना खरं सांगते. तुमचं हसू एकदम थांबलं. "नको सांगू. मले कोन काढनार हाये? माझी नोकरी हे जंगल हाये. तुयी जाईन. तुया घरातली तू पयली. पयल्या पेंढीले थोडं सांभाळा लागते, तिच्यावरच सारं पाखं बसते."

मी ते ऐकलं. मला ते हवंच होतं, म्हणून ऐकलं. तुमच्या मोठेपणाच्या आड मी दोन वर्षं बसले.

कारण ते वाक्य कागदावरच राहिलं नाही. ट्रस्टच्या बैठकीत ते वाचलं गेलं. स्थानिक माणसाच्या भरवशावर गवत टिकत नाही, असं ठरलं. मागच्या पाख्यावर टिन चढवायचं, आणि जमलं तर पुढं सगळ्याच छपरावर. या होळीनंतर पत्रे येणार होते. तुम्हाला हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही मान वर करून छपराकडे पाहिलंत. मग म्हणालात, "टिन खाली मानूस झोपन. घर नाई झोपनार." तरीही तुमच्या त्या 'नको सांगू'मधून तुम्ही मला सोडवलं नाहीत. "साहेबाले सांग" असं एकदाही म्हणाला नाहीत. मी वाट बघत होते की तुम्ही म्हणाल. तुम्ही वाट बघत होता का, की मी स्वतःहून जाईन? हे विचारायचं राहिलं. याचं उत्तर मला नको आहे, असंही कधी कधी वाटतं.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. आधी वडिलांना फोन केला. सगळं सांगितलं, नोकरी जाईल हेही सांगितलं. मिलचा घरघराट ऐकू येत होता. बाबा म्हणाले, "आता पावतो काऊन नाई सांगितलं वं?" आणि मग, "जा. मी चंद्रपूरले येऊ का संगं?" मी म्हटलं, नको. एकटी जाते.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे मी त्या माणसावर अर्धा तास ओरडलो."

"हो सर."

"आणि तो ऐकत राहिला."

"हो सर."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "जुना अहवाल बदलता येणार नाही. नवीन टिपण लिहा. काय झालं, कुणामुळे झालं, स्पष्ट लिहा. त्यावर तुमची सही. तुमच्या ऑफिसला माझं पत्र जाईल, ते चांगलं नसेल." मी मान हलवली. दाराशी पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली. "गवतात दोष नव्हता तर पत्रे कशाला? बैठकीत मी बोलतो. आणि तो धूर कसा करायचा, तेही टिपणात लिहा. नीट लिहा. किती दिवस, कशाचा. पुढच्या माणसाला कळलं पाहिजे."

पत्र आलं. चांगलं नव्हतं. नोकरी राहिली, पगारवाढ गेली. पत्रे रद्द झाले. तुमच्या जावयांनी मागच्या पाख्याचे सडलेले बांबू काढायला घेतले आहेत. चैतूभाऊ, बऱ्याच दिवसांनी मला शांत झोप लागते.

टिपण लिहायला मी बंगल्यावर येऊन बसले. पहिलं वाक्य सोपं गेलं. 'छपराची काजळी धुण्याचा आणि धुराडं उघडण्याचा निर्णय माझा होता. राखणदार चैतू त्या वेळी गावात नव्हते.' मग धुरावर आले आणि अडले. किती दिवस? कुठला पाला? जाळ किती, धूर किती? दोर, गवत, वासे, सगळं माझ्या वहीत होतं. धुराचं एक पानही नव्हतं. ती समजूत होती ना!

म्हणून तुमच्या घरी गेले. सोमीबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या.

"बाई, भाऊ धूर कसा करत होते?"

त्यांनी मान वर केली. "बुढा?"

"हो. पाला कुठला घालत?"

त्या हसायला लागल्या. तुम्ही गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "बुढ्याले चूल पेटवता ये नाई वं पोरी! धूर मी करत व्हती. माझ्या आंदी माझी सासू, तिच्या आंदी तिची सासू. बुढा भायेर उभा राहून सांगे, झाला, झाला, आता इकून निंगून राह्यला. तेवढंच त्याचं काम."

मी तिथंच मोहाच्या फुलांशेजारी बसले. ज्या छपरावर बाईनं चढायचं नाही म्हणून मी तुमच्याशी महिनाभर भांडले, ते छप्पर तीन पिढ्या आतून बायांनी राखलेलं होतं. भाऊ, ही गोष्ट सांगितली असतीत तर तुम्ही त्याच दिवशी वाद जिंकला असता. की मी जिंकले असते? मला अजून ठरवता येत नाही. तुम्ही असता तर आणखी महिनाभर भांडलो असतो, आणि मला त्यात फार सुख झालं असतं.

सोमीबाईंनी सगळं सांगितलं आणि मी लिहून घेतलं. आधी वाळकं लाकूड, मग ओला पाला, सात दिवस, रोज दुपारी, जाळ दिसला की पाणी शिंपडायचं. त्या सांगत होत्या, मधेच म्हणत होत्या, "असं नाई, पुन्हा लिव." शेवटी मी विचारलं, टिपणात तुमचं नाव घालू ना?

"माझं कायले? कागदात बायाचं का काम?"

"धूर तुम्ही केला म्हणून."

त्यांनी फुलं पसरता पसरता हात थांबवला. बंगल्याकडे बघितलं.

"लिव मंग. पन त्यायच्या खाली नोको लिवू. बाजूले लिव."

बाजूला लिहिलं आहे, चैतूभाऊ.